सुटे मिळणार नाही

आपल्या देशात सुटे काय मिळत नाही, सांगा. पानाच्या टपरीवर एक विडी मिळते, आणि ती पेटवायला दोरीला बांधलेला लायटर वर फुकट. बेकरीवाला लादीतले दोनच पाव तोडून देतो. औषधाच्या दुकानातला पोरगा कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या आपल्या हातावर ठेवतो आणि नेमका तारीख छापलेला तुकडा स्वतःकडे ठेवतो. वाणी एक अंडे देतो, एका डोक्यापुरती शाम्पूची पुडी देतो. चहा ही खरे तर निम्मी करण्याची वस्तू नव्हे. पण तीही आम्ही निम्मी करून 'कटिंग' या नावाने रूढ केली. लग्नात मिरवायचा सूट एका संध्याकाळपुरता भाड्याने मिळतो. मंडईत एका लिंबाचा भाव करणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्यातली एक माझी सख्खी आत्या होती.

अशा या देशात सुटी मिळत नाही ती एकच वस्तू : टीव्हीची वाहिनी.

आता कुणी कायद्याचा जाणकार चष्मा पुसत म्हणेल, "अहो, मिळते की! प्रत्येक वाहिनीचा भाव जाहीर आहे. वाटेल ती एक घ्या, कोण अडवतोय?" मान्य. कायद्याने मिळते. रेल्वेच्या डब्यातल्या संकटकाळी ओढायच्या साखळीसारखी ती समोर लटकते आहे, आणि विनाकारण ओढल्यास दंड होतो. माझे भांडण नेमके या दंडाशी आहे.

मी बँकेत कारकून आहे आणि कॉमर्सचा पदवीधर आहे. यातली दुसरी गोष्ट मी क्वचितच सांगतो, कारण पहिलीवरून ती ओळखता येते. तर अशा माणसाने हा विषय काढला की लोक दोन गोष्टी बोलतात. एक, "शंभर-दोनशे रुपयांसाठी एवढं काय?" दोन, "तुमच्याही बँकेत लॉकर मागायला गेलं की आधी विमा घ्या म्हणतात." दुसरा मुद्दा या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. पहिल्याचे उत्तर असे की, आमच्या शाखेत संगणकाने कारभार हाती घेण्यापूर्वी संध्याकाळी एका रुपयाचा फरक राहिला तर आम्ही सात माणसे रात्री साडेआठपर्यंत तो रुपया शोधत बसायचो. प्रत्येकाने चार आणे खिशातून टाकले असते तर पुरून उरले असते. पण नाही! रुपया कुठे गेला ते कळले पाहिजे. मलाही एवढेच हवे आहे. माझे पैसे कुठे जातात ते मला कळायला हवे.

लहानपणी हा प्रश्न नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पुढे कितीतरी वर्षे आमच्यासाठी टीव्ही म्हणजे तेवढेच. निवड नव्हती, पण निवड आहे असे कुणी भासवतही नव्हते. शेतीचा कार्यक्रम लागला की डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत, जिथे कुंडीतली तुळससुद्धा नीट जगत नसे, आम्ही खतांची माहिती भक्तिभावाने ऐकायचो. मग नव्वदच्या दशकात केबल आली. गच्चीवरून वायर टाकत एक पोरगा यायचा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे न्यायचा आणि जे दिसेल ते आपले. भाव त्याच्या मनात असायचा. पावती त्याच्या मनातही नसायची.

या कारभारावर सरकारने पहिला इलाज केला तो 'कॅस' नावाचा. २००६ साल संपता संपता दिल्ली, मुंबई आणि कोलकात्याच्या काही भागांत तो सुरू झाला. मुंबईत तो दक्षिणेकडच्या लोकांच्या वाट्याला आला. आम्ही डोंबिवलीकर त्या लक्ष्मणरेषेच्या कित्येक स्टेशने पलीकडे. फुकट वाहिन्यांचे महिन्याला ७७ रुपये, आणि पैशाची कुठलीही वाहिनी घ्या, पाच रुपये. पाच! म्हणजे ज्याला तीन हव्यात त्याने पंधरा रुपये द्यावेत आणि सुखाने झोपावे. हा भाव ट्रायनेच, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानेच, ठरवून दिला होता. असा सरळ हिशेब आपल्याकडे फार दिवस टिकत नाही.

मग आले २०१९. त्या जानेवारीत आमच्या सोसायटीत निवडणुकीला नसतो एवढा उत्साह होता. ट्रायने फर्मान काढले होते : १ फेब्रुवारीपासून ग्राहक राजा. प्रत्येक वाहिनीचा छापील भाव, हव्या त्या निवडा, तेवढ्याचेच पैसे. आमच्या घरी रविवारी सकाळी याद्या करायला बसलो. आईने दोन वाहिन्या सांगितल्या. चिरंजीवांनी क्रिकेटची एक आणि आणखी एक, जिच्यात माणसे जंगलात जाऊन किडे खातात. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मला सिनेमाची एक चालेल आणि ती रेसिपीची." मी बातम्यांची एक. सात झाल्या. आयुष्यात प्रथमच आमच्या कुटुंबाचे सात गोष्टींवर एकमत झाले होते. कागद घेऊन मी केबलवाल्याच्या ऑफिसात गेलो.

तिथला पोरगा भला होता. त्याने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि पोस्टात चुकीच्या खिडकीवर आलेल्या म्हाताऱ्याशी बोलावे तसा म्हणाला, "काका, असं सुटं महाग पडतं. पॅक घ्या."

मी म्हटले, "पण मला सातच पाहिजेत."

"सातच बघा ना, काका. पॅक घेऊन सातच बघा."

या वाक्यावर मी गेली काही वर्षे विचार करतो आहे.

आता हिशेब. आधी प्रवेशफी. तिचे नाव 'नेटवर्क कॅपॅसिटी फी'. शंभर साध्या वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे कशाचे? वायरीतून काहीतरी येऊ शकते याचे. मंडईच्या दारात उभे राहून कुणी १३० रुपये मागावेत आणि "भाजी?" म्हटल्यावर "भाजीचं आत वेगळं" म्हणावे, तसे. मला सात हव्यात, पण कोटा शंभराचा. त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या सक्तीच्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लहानपणीचे ऋण आहे. शिवाय एक एचडी वाहिनी म्हणजे दोन साध्या, असे धरायचे. एसटीत कडक इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या माणसाला कंडक्टरने दोन तिकिटे फाडावीत, त्यातला हा प्रकार. पुढे २०२० मध्ये शंभराचे दोनशे झाले, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने १३० ची कमाल मर्यादाच काढून टाकली. काय घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. 'ज्याचे त्याने' यात मी येत नाही, हे सांगायला नको.

पण खरी गंमत प्रवेशफीत नाही, भावात आहे. नियम असा होता की जिचा भाव १९ रुपयांच्या वर, ती वाहिनी गठ्ठ्यात घालता येणार नाही. झाले. ज्या ज्या वाहिनीला लोक विचारतात, अशा पुष्कळशा बरोबर १९ वर येऊन बसल्या, दहावीला ३५ मार्कांवर पोरे बसतात तशा. मग गठ्ठ्यावर सूट द्यायची. किती द्यावी? २०१७ च्या मूळ आदेशात १५ टक्क्यांची मर्यादा होती. ती २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयात टिकली नाही. मर्यादा गेल्यावर सूट इतकी उधळली की ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द ट्रायने एका चर्चापत्रात ती ७० टक्क्यांपर्यंत गेल्याचे लिहिले. मग १९ चे १२ करण्याचा हुकूम निघाला, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीत १२ चे पुन्हा १९ होऊन सुटीची मर्यादा ठरली ४५ टक्के.

आता मंडळी, ४५ टक्के म्हणजे काय ते पाहा. बी.कॉम.ची गरज नाही, चौथीचे गणित आहे. समजा एका कंपनीच्या दहा वाहिन्या आहेत. तीन लोकांना हव्या असतात. त्या प्रत्येकी १९. उरलेल्या सात कुणी मागत नाही. त्यांचे भाव मिळून ४३. बेरीज १००. त्यावर ४५ टक्के सूट, म्हणजे दहांचा गठ्ठा ५५ रुपयांना. आणि मला हव्या त्या तीनच घेतल्या तर? एकोणीस त्रिक सत्तावन्न.

दहा घेतल्या तर ५५. तीन घेतल्या तर ५७. म्हणजे सात वाहिन्यांना "नको" म्हणण्याचा दंड दोन रुपये, आणि त्यावरही अठरा टक्के जीएसटी. विकत घेण्यावर कर असतो हे मी ऐकून होतो. न घेण्यावर पहिल्यांदाच पाहिला.

याला सूट म्हणतात, यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. साडीच्या दुकानात गणपतीच्या आधी भाव चढवून मग 'भव्य सूट' लावतात तेव्हा सौभाग्यवती दुकानदाराच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणतात, "गेल्या महिन्यात काय भाव होता?" आणि दुकानदार कापसाच्या बाजाराबद्दल बोलू लागतो. इथे डोळ्यांत डोळे घालायला कुणी समोरच नाही. ४५ टक्क्यांची सूट गठ्ठ्याला नाही; तो ८२ टक्क्यांचा चढा भाव सुट्याला आहे. ५५ चे १०० करून पाहा, पडताळा येतो.

हे दुखणे केवळ आपल्या मातीतले आहे असेही नाही. अमेरिकेत सिनेमे असेच गठ्ठ्याने विकत असत. १९६२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात खटला आला होता. वॉशिंग्टनच्या एका टीव्ही स्टेशनाला 'कॅसाब्लांका' आणि आणखी काही चांगले सिनेमे हवे होते, तर त्यासोबत 'गोरिला मॅन' आणि 'टियर गॅस स्क्वॉड' असले सिनेमेही गळ्यात मारले गेले. न्यायालयाने असा व्यवहार बेकायदा ठरवला. मी 'गोरिला मॅन' पाहिलेला नाही. पण नाव वाचल्याबरोबर तो माझ्या पॅकमध्ये आहे असे मला वाटले.

त्या निकालावर जॉर्ज स्टिग्लर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी एक टिपण लिहिले; हे गृहस्थ १९८२ साली नोबेलचे मानकरी झाले. प्रतिपक्षाचा मुद्दा चोरून ठेवणे बरे नव्हे, म्हणून आमच्या घरच्या भाषेत सांगतो. समजा आई मालिकांच्या वाहिनीसाठी २० रुपये द्यायला तयार आहे आणि क्रिकेटसाठी ५. मी उलटा : क्रिकेटला २०, मालिकांना ५. सुटे विकले तर प्रत्येकी २० लावून कंपनीला दोघांकडून ४० मिळतील. गठ्ठा २५ ला ठेवला तर दोघेही घेतील आणि ५० मिळतील. कंपनीला दहा जास्त, आणि आम्हा दोघांना दोन्ही वाहिन्या. कोण दुखावले?

कागदावर कुणीच नाही. पण स्टिग्लरसाहेबांनी आमच्या आईला पाहिलेले नाही. आई क्रिकेटसाठी ५ रुपये देणार नाही. ते बंद करण्यासाठी मात्र आई ५ रुपये आनंदाने देईल. आणि मग त्या गठ्ठ्याचे गणित कोसळते. ज्याला दुसऱ्याची आवड थोडीतरी आवडते, त्याच्याच बाबतीत ते चालते. वर सांगितलेल्या सात वाहिन्यांची किंमत आईच्या लेखी शून्य, माझ्या लेखी शून्य, आणि मला संशय आहे, त्या चालवणाऱ्यांच्या लेखीही शून्यच.

मग त्या गळ्यात का मारतात? कारण सोपे आहे. जाहिरातदाराला विचारायचे असते, "किती घरांत पोचता?" एवढ्या लाख घरांत, असे उत्तर द्यायचे तर त्या घरांत वाहिनी आधी शिरली पाहिजे. माझ्या घरात ती पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसून असते, कुणी तिच्याशी बोलत नाही. पण शिरगणतीत ती मोजली जाते. म्हणजे मी गिऱ्हाईक आहे असे मी समजतो, आणि प्रत्यक्षात मी माल आहे. मालाकडून वर पैसे घेण्याची ही युक्ती ज्याला सुचली त्याला माझा कॉमर्सचा पदवीधर म्हणून नमस्कार आहे. आणि पैसे घेऊनही जाहिराती दाखवतातच. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त नकोत असा नियम आहे म्हणतात. आमच्याकडे घड्याळ आहे.

काही सज्जन सांगतात की वाहिन्या सुट्या केल्या तर लहान, गुणी वाहिन्या मरतील. गठ्ठ्याच्या आधाराने त्या जगतात. या मुद्द्यावर मी खरोखरच घुटमळतो. उद्या कुणी फक्त मराठी नाटके दाखवणारी वाहिनी काढली तर तिला हजारात दहा घरे मागतील, आणि त्यातले एक माझे असेल. पण गठ्ठ्याने जगवले काय? आमच्याकडे 'मराठी' या नावाचा जो पॅक आला, त्यात मराठी वाहिन्या एका हाताच्या बोटांवर मावतील एवढ्या होत्या आणि बाकी साऱ्या हिंदी. बारशाला बोलवावे आणि पाळण्यात शेजाऱ्यांचे मूल असावे, तसे. गुणी वाहिनीसाठी मी १९ नाही, ४० देईन. पण ते तिचे म्हणून देईन, गोरिला मॅनच्या पाठीवरून पाठवणार नाही.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. एकटे. बातम्या आणि संध्याकाळचे कीर्तन एवढेच पाहतात. पेन्शन बेताची, औषधे भरपूर. गोळ्या ते पट्टी कापूनच आणतात. पॅकचे पैसे त्यांना जड जातात हे ते बोलत नाहीत. २०१९ मध्ये त्यांनी कुठलाच फॉर्म भरला नाही, कारण यादी वाचायला भिंग लागत होते. न निवडणाऱ्यांसाठी ट्रायने 'बेस्ट फिट प्लॅन' काढला होता, म्हणजे तुमच्या मापाचे आम्हीच बेतून देतो. मास्तरांच्या मापाचे जे बेतले त्यात लहान मुलांच्या कार्टूनच्या वाहिन्या निघाल्या. मी म्हटले, "मास्तर, तक्रार करू या." ते म्हणाले, "असू दे रे. नातू आला तर बघेल." नातू कॅनडात असतो.

शंभर-दोनशे रुपयांसाठी एवढे काय, याचे माझे दुसरे उत्तर हे आहे.

आमच्या आईचा स्वभाव मास्तरांच्या उलट. ताटात टाकलेले तिने कधी सहन केले नाही. पॅक घेतल्यावर तिने मला विचारले, "एवढ्या सगळ्यांचे पैसे भरलेस?" हो म्हटल्यावर ती दुपारच्या वेळी एकेक वाहिनी क्रमाने बघायला लागली. पैसे दिलेत तर वाया का घालवायचे! मोटारींच्या शर्यती झाल्या, बंगाली बातम्या झाल्या, समुद्रातले शार्क मासे झाले. एकदा मी ऑफिसातून लवकर आलो तर ती इंग्रजी कुस्ती बघत लसूण सोलत होती. म्हणाली, "हा निळी चड्डीवाला सारखा हरतो बिचारा." तिच्या स्वतःच्या मालिकेचे त्या आठवड्यात चार भाग बुडाले. गठ्ठ्याचे समर्थन करणाऱ्यांनी अशा घरांचीही नोंद घ्यावी.

माझे मागणे फार मोठे नाही. गठ्ठे बंद करा असे मी म्हणत नाही. ज्याला पंगत हवी त्याने पंगतीला बसावे. पण गठ्ठ्यावरची सूट अशी असावी की सुटे घेणारा मूर्ख ठरू नये. २०१७ साली लिहिलेले १५ टक्के वाईट नव्हते : १०० चा गठ्ठा ८५ ला, आणि माझ्या तीन ५७ ला. मग ज्याला दहा हव्यात तो दहा घेईल, ज्याला तीन हव्यात तो तीन घेईल, आणि दोघेही शहाणे राहतील. प्रवेशफी असायची तर ती मी घेतलेल्या वाहिन्यांच्या संख्येवर असावी. सातांना शंभराची नको. आणि फॉर्ममध्ये पहिल्या पानावर सुट्या वाहिन्या असाव्यात, पॅक मागच्या पानावर. सध्या उलटे आहे, आणि मागचे पान बहुधा झेरॉक्समध्ये येत नाही.

तरुण मंडळी मला हसतात. "काका, टीव्ही कोण बघतो आता? मोबाइलवर ॲप घ्या." घेतले. मोबाइलचा रिचार्ज करायला गेलो तर त्यासोबत डझनभर ॲप मिळाली. मी विचारले, "नुसता रिचार्ज?" दुकानातल्या मुलीने यंत्रात बघून सांगितले, "नुसता आहे ना, सर. पण तो महाग पडतो."